लंगोटांचे मुकादम

मुकादमांनी आयुष्यातला पहिला लंगोट धुतला तो वयाच्या साठाव्या वर्षी. आणि धुतला तोही असा, की त्यांची बायको न्हाणीघराच्या दारात कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

लंगोट नातीचा. नात तीन आठवड्यांची. मुकादमांनी आधी त्यातलं असेल नसेल ते संडासात झटकलं, मग लंगोट उलटा केला आणि गार पाण्याच्या धारेखाली धरला. उलटाच. डाग ज्या बाजूनं आत शिरला त्याच्या पाठीवर पाणी मारायचं, म्हणजे तो आला त्या वाटेनं गुमान परत जातो. सरळ बाजूनं मारलंत तर आणखी आत घुसतो आणि बिऱ्हाड करतो. मग साबण, दोन बोटांनी, घासायचं नाही, नुसतं चोळायचं. मग खळबळून तीनदा. पिळताना पीळ द्यायचा नाही, तळहातात दाबून पाणी काढायचं. सगळं झाल्यावर त्यांनी तो लंगोट उजेडाकडे धरून एक डोळा बारीक केला, सोनार खडा बघतो तसा.

"आपला पोरगा लहान होता तेव्हा हे हात कुठं होते, म्हणते मी?" बायको म्हणाली.

"ड्युटीवर."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

मुकादमांनी नळ जरा मोठा सोडला. त्यांना कमी ऐकू यायचं हे खरं. पण नेमकं कधी ऐकू यायचं नाही हे ते स्वतःच ठरवतात, असं बायकोचं पक्कं मत होतं.

मुकादम हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाई खातं होतं, तिथं ते चौतीस वर्षं होते. लागले तेव्हा गाठोडी उचलायला लागले आणि निवृत्त झाले तेव्हा खात्याचे मुकादम होते. नोकरी सुटली, पण हाक सुटली नाही. गल्लीतला वाणीसुद्धा "या मुकादम" म्हणायचा. हॉस्पिटलचे वर सात मजले, आणि सातही मजल्यांची घाण पत्र्याच्या एका नळकांड्यातून धबधब करत त्यांच्या पायाशी येऊन पडायची. वरच्या डॉक्टरांनी कधी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. मुकादमांना मात्र प्रत्येक मजल्यावर काय चाललंय ते गाठोडी सोडूनच कळायचं. कुणाला रात्र जड गेली, कुणाचा ताप उतरला, कुठल्या खाटेवरचा माणूस आज घरी गेला.

त्यांचे नियम तळघराच्या भिंतीवर खडूनं लिहिलेले असत. रक्त, दूध, शी, उलटी यांना आधी गार पाणी. गरम पाणी पहिलं दाखवलंत की डाग शिजतो, आणि शिजलेला डाग मग आपण मेल्यावरही तिथंच असतो. हा शेवटचा भाग त्यांनी भिंतीवर लिहिला नव्हता, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवल्याशिवाय ते राहत नसत.

आणि सगळ्यांत वर त्यांच्याकडे मान होता मुलांच्या वॉर्डाच्या चादरींना. त्या चादरींना ते शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालायचे. माप त्यांचं स्वतःचं, हाताच्या अंदाजाचं, कुणाला सांगितलेलं नाही. बाकीच्या वॉर्डांच्या चादरी स्वच्छ असत. मुलांच्या वॉर्डाची चादर सायीसारखी असे. तिथली सिस्टर एकदा जिना उतरून मुद्दाम खाली आली होती. म्हणाली, "मुकादम, तुमच्या चादरीवर टाकलं की रडकं पोरही गाल घासत झोपतं." चौतीस वर्षांत वरून खाली फक्त कौतुक करायला आलेलं ते एकमेव माणूस. निरोपसमारंभात त्यांनी हे सांगितलं, घरी येऊन सांगितलं, आणि त्यानंतर घरी कुणी पाहुणा आला की बायकोच विचारायची, "सिस्टरचं सांगून झालं का? मग मी चहा टाकते."

तळघराच्या यंत्रांनी त्यांना पगार दिला, मान दिला, आणि बदल्यात कान घेतले. डावा जवळजवळ गेलाच होता, उजवा निम्मा उरला होता.

नात झाली तेव्हा नर्सनं ती दुपट्यात करकचून गुंडाळून त्यांच्या हातात दिली. वरून फक्त नाक दिसत होतं. "हे तर गाठोडंच आलं," मुकादम म्हणाले, आणि तेच नाव पडलं. कागदावरचं नाव वेगळं होतं, ते कागदावर राहिलं.

गाठोड्याची कातडी फार हळवी निघाली. वापरून फेकायचे डायपर घातले की तासाभरात लाल, दुसऱ्या दिवशी सोललेलं. तीन प्रकारचे घालून पाहिले, तिन्ही वेळा तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुती कापड वापरा, दुसरं काही हिला चालणार नाही. सुनेनं मग एका शिवणाऱ्या बाईकडून चोवीस लंगोट शिवून आणले. वरची चड्डी टिचबटणांची, आतून रबरासारखं अस्तर लावलेली. आणि तिच्या आत ठेवायची सुती कापडाची चार पदरी जाड घडी. पाणी प्यायचं ते घडीनं, बाहेर जाऊ द्यायचं नाही ते चड्डीनं. सून ते सगळं पलंगावर मांडून डोक्याला हात लावून बसली होती. बाळंतपणानं थकलेली, रात्रीच्या जागरणांनी डोळ्यांखाली काळं झालेलं.

"हे रोज धुवायचं कुणी?" ती स्वतःशीच बोलली.

मुकादमांना हे बरोबर ऐकू आलं. "ते खातं माझ्याकडे दे," ते म्हणाले.

आणि खरोखर खातंच झालं. न्हाणीघरात दोन बादल्या आल्या, एक शूची, एक शीची. घड्या वेगळ्या, चड्ड्या वेगळ्या. कारण घडीला कढत पाणी चालतं, चड्डीच्या अस्तराला नाही, ते तडकतं. मशीनमध्ये टाकताना टिचबटणं लावूनच टाकायची, नाहीतर एकमेकांना ओरबाडतात. गच्चीवर दोन दोऱ्या, घड्यांना उन्हाची आणि चड्ड्यांना सावलीची. शेजारच्या गच्चीवरचा निवृत्त तारमास्तर रोज कठड्यावर कोपरं टेकून बघायचा.

"काय मुकादम, झेंडे लागले का?"

"लागले. सलाम करा."

"घरात बायका असताना हे बरं सुचतं तुम्हाला."

"तुमच्या घरातही बायका आहेत की. तरी तुमच्या बनियनची काय दशा आहे ती इथून दिसतेय मला."

तारमास्तरानं बनियनकडे पाहिलं आणि त्यानंतर चार दिवस तो सदरा घालून गच्चीवर आला.

पुढं मुकादम ह्या कामाला इतके का चिकटले, ते सून जाणून होती. नात महिन्याची असताना एकदा तिला मुकादमांवर सोपवून सून औषधं आणायला गेली होती. मुलगा मालगाडीवर गार्ड, दोन-दोन दिवस घराबाहेर. बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला, दुपारी उशिरा यायची. सून अर्ध्या तासानं परतली तर जिन्यातच रडणं ऐकू आलं. वर येऊन बघते तर गाठोडं आतल्या खोलीत रडून रडून निळं पडत आलेलं, आणि मुकादम पलीकडच्या खोलीत तिच्या घड्यांना घडी घालत शांत बसलेले. त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. कुणी त्यांना बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून नातीला त्यांच्याजवळ एकटं कुणी ठेवलं नाही, आणि त्यांनीही "ठेवा" म्हटलं नाही. उरलं होतं ते हे काम. ते मग त्यांनी असं धरलं, की त्यात बोट शिरायला जागा ठेवली नाही.

सून जमिनीच्या मोजणी खात्यात होती. उन्हातान्हात शेतं, प्लॉट, बांध मोजायचं काम. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी महिनाभरच तिला एका तुकडीची प्रमुख केलं होतं. हाताखाली चार पुरुष, सगळे वयानं मोठे. ती जागा सहा महिने राखून ठेवली होती. सहा महिने संपत आले, आणि प्रश्न उभा राहिला पाळणाघराचा.

पाळणाघर दोन गल्ल्या पलीकडे, सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अकरा मुलं, चालवणारी एक ताई आणि मदतीला एक मावशी. ताईचा नियम ठाम होता, कापडी लंगोट चालणार नाही. "गळतात, वास मारतात, आणि गादी एकदा मुरली की मुरली," ती सुनेला म्हणाली. सुनेनं कातडीचं सांगितलं. ताईला वाईट वाटलं, पण नियम काही हलला नाही. जवळपास दुसरं पाळणाघर नव्हतं. सून घरी आली, आणि त्या संध्याकाळी तिनं मोजणीचे बूट कपाटाखालून काढले, पुसले, आणि परत आत ढकलले.

दुसऱ्या दिवशी मुकादम आठ लंगोट पिशवीत घालून स्वतः ताईकडे गेले. मेजावर घडी ठेवली. चड्डी ठेवली. चेन लावलेली वेगळी पिशवी ठेवली.

"ताई, रोज आठ तयार लंगोट मी आणून देणार. मावशींनी ओला काढायचा आणि ह्या पिशवीत टाकून चेन ओढायची, बास. धुणं सोडा, तुम्हाला त्याचं तोंडही बघायला लागणार नाही. दुपारी बाराला मी येणार, संध्याकाळी सहाला मी येणार. मी चौतीस वर्षं हॉस्पिटलची धुलाई सांभाळलीय."

ताईनं घडी हातात घेतली. नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. तिनं मावशीकडे बघितलं, मावशीनं खांदे उडवले.

"ती येईल तो पहिला आठवडा बघू," ताई म्हणाली. "त्या शनिवारी ठरवू. पण काका, माझ्याकडे बारा गाद्या आहेत, तेरावी नाही. रोज गादी भिजायला लागली तर मला दुसरा इलाज नाही."

मुकादम त्या दिवशी घरी आले ते छाती काढून. आणि इथंच त्यांचं चुकलं. इतके महिने ते लंगोट साध्या साबणानं धूत होते आणि सगळं ठीक चाललं होतं. पण आता लंगोट चारचौघांत जाणार. अकरा पोरांच्या आया बघणार. नुसतं स्वच्छ असून कसं भागेल? ते बाजारात गेले आणि सॉफ्टनरचा मोठा कॅन घेऊन आले. सून कामावर रुजू होणार त्या सोमवारला अजून दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत प्रत्येक धुण्याच्या शेवटच्या पाण्यात त्यांनी आपलं ते जुनं माप घातलं, वर थोडं प्रेमाचं. घड्या सायीसारख्या झाल्या. बायकोनं एक गालाला लावून पाहिली आणि चक्क काही टोमणा मारला नाही. घरी सून लंगोट ओला होतो न होतो तोच बदलायची, त्यामुळं कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

सोमवारी सून बूट घालून कामावर गेली. बाराला मुकादम पाळणाघरात पोचले, तर गादी गॅलरीत वाळत होती.

"पहिला दिवस आहे," ताई म्हणाली.

मंगळवारी गादी दोनदा भिजली. संध्याकाळी गाठोड्याच्या मांड्यांवर लाली दिसली. बुधवारी बारालाच ताईनं त्यांना बाजूला घेतलं. तिचा आवाज वाढलेला नव्हता; उलट त्यांना ऐकू यावं म्हणून ती तोंड उजव्या कानाजवळ नेऊन हळू, एकेक शब्द सोडवून बोलत होती, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"काका, उद्याचा एक दिवस बघते. शनिवारपर्यंत नाही थांबता येणार. पोरीलाही त्रास होतोय."

मुकादमांनी मावशीकडे मोर्चा वळवला. "मावशी, टिचबटण कितव्या खाचेला लावता?"

"दुसऱ्या."

"मांडीला फट राहत असणार."

"तीस वर्षं पोरांची ढुंगणं बांधतेय मी," मावशी म्हणाली. "या, तुमच्या समोर बांधते." आणि तिनं बांधलंही. फट कसली, त्यात केस शिरला नसता. मग तिनं नुकतीच काढलेली ओली घडी चिमटीत धरून त्यांच्यापुढे नाचवली. "हे बघा. ह्या टोकाला चिंब आणि ह्या टोकाला कोरडी ठाक. तुमचा लंगोट पाणी पीतच नाही हो मुकादम. वरच्या वर निथळून मांडीतून बाहेर. दिसायला रेशीम आहे, पण हे पोरीला कशाला बांधायचं, ह्याची छत्री शिवा."

मुकादमांना राग आला. चौतीस वर्षांत त्यांच्या धुण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. जिना उतरताना ते पुटपुटत होते, गल्ली ओलांडताना पुटपुटत होते. पण माणूस कामातला. हातातली घडी ते सारखी चाचपत होते, आणि बोटांना जे कळत होतं ते डोक्याला नको होतं.

घरी येऊन त्यांनी धुतलेली, वाळलेली एक घडी मेजावर पसरली. चमचाभर पाणी घेतलं आणि वर ओतलं.

पाणी बसून राहिलं. अळूच्या पानावर बसावं तसं, गोल, चकाकत. त्यांनी घडी तिरकी केली. थेंब घरंगळून मेजावर पडला आणि घडी होती तशी कोरडी राहिली.

मुकादम खुर्चीत बसले.

भिंतीवर खडूनं लिहिलेल्या नियमांत एक नियम होता, आणि तो त्यांच्याच अक्षरात होता. टॉवेलला सॉफ्टनर नाही. ऑपरेशनच्या टॉवेलांना तर कधीच नाही. सॉफ्टनर म्हणजे धाग्यावर चढवलेला मेणचट लेप. चादर त्यानं मऊ होते, पण टॉवेलाची तहान मरते. एकदा एका नव्या माणसानं टॉवेलांच्या शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर ओतलं होतं, तेव्हा मुकादमांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून अर्धा तास सोलून काढलं होतं. चादर अंग टेकायला असते, टॉवेल पाणी टिपायला. एवढं साधं कळत नाही तुला?

आणि लंगोट काय, चादर होती?

त्यांच्या हातून चूक झाली होती ती अडाण्याची नव्हती, हेच त्यांना सोसवेना. अडाणी माणसाकडे सॉफ्टनर नसतंच. ही चूक करायला मुलांच्या वॉर्डाची चादरच हातावर असावी लागते.

एक वाजायला आला होता. ऊन उतरेपर्यंत हातात चार-साडेचार तास. मुकादम उठले. सॉफ्टनरचा कॅन त्यांनी मोरीपर्यंत नेला, उपडा केला, आणि थेट चुलीवर दोन पातेली चढवली. वीस घड्या, उरलेल्या चार अजून पाळणाघरात होत्या. पहिलं पाणी कढत, त्यात साबणाची पूड आणि मूठभर धुण्याचा सोडा. पाणी काढलं तर बोटांना बुळबुळीत लागलं, आणि वर सुगंध दरवळला. तो सुगंध त्यांना शरमेनं नकोसा झाला. दुसरं पाणी नुसतं कढत. फेस. तिसरं. अजून फेस. चौथ्या पाण्याला त्यांनी एक घडी पिळून तव्यावर वाळवली आणि चमच्यानं पाणी टाकलं. थेंब थांबला, विचार केल्यासारखा, आणि मग सावकाश आत गेला.

"सावकाश नको आहे मला," मुकादम घडीला म्हणाले, आणि पाचवं पाणी चढवलं.

बायको आली तेव्हा न्हाणीघर वाफेनं भरलं होतं आणि त्यात मुकादम, बनियन अंगाला चिकटलेलं, तळव्यांचं कातडं सुरकुतून पांढरं झालेलं, तळघरात असत तसेच उभे होते.

"काय झालं?"

"चूक झाली. माझी."

बायको दारातच थांबली. अडतीस वर्षांच्या संसारात हे तीन शब्द एकापुढे एक तिनं ऐकले नव्हते. बोलायला तोंडात बरंच काही आलं असणार, पण त्यांच्या हातांकडे बघून तिनं ते गिळलं. "नीट सांगा," ती म्हणाली. त्यांनी सांगितलं. चादर आणि टॉवेल, सगळं. तिनं पदर खोचला. "सरका तिकडं. पातेलं मी उतरवते, तुम्ही वर दोरीवर न्या. नाहीतर पाणी काढाल आणि ऊन घालवाल."

चार पदरी घडी वाळायला हट्टी असते. वरून कोरडी वाटते आणि पोटात ओल धरून बसते. मुकादमांनी गच्चीवर ठाण मांडलं. दर दहा मिनिटांनी घड्या उलटायच्या, पदर सोडवून वारं आत जाऊ द्यायचं, कठड्याची सावली सरकली की दोरीवरचे चिमटे तसे सरकवायचे. तारमास्तर पलीकडून बघत होता.

"आज काय एवढी धावपळ, मुकादम?"

"माझंच केलेलं निस्तरतोय."

तारमास्तरानं घड्यांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं आपल्या गच्चीची दोरी रिकामी केली. "इकडं अजून तासभर ऊन असतं," तो म्हणाला. मुकादमांनी कठड्यावरून बारा घड्या त्याच्या हातात दिल्या, आणि त्या दोघांनी उरलेला वेळ आपापल्या गच्चीवर घड्या उलटवल्या.

सून आली ती थेट मेजाशी बसली. पिशवीतून कागद काढला. वाटेत ती पाळणाघरात लेकीला घ्यायला गेली होती, ताईनं तिलाही सांगितलं होतं. मुकादम गच्चीवरून उतरले तेव्हा तिनं 'माननीय' एवढंच लिहिलं होतं.

"ते नंतर लिही," मुकादम म्हणाले. "आधी ऐक. तुझ्या पोरीची मांडी लाल झाली ती माझ्यामुळं. ताईंचं काही चुकलं नाही, मावशींचं नाही, लंगोटाचं तर नाहीच नाही. मी शहाणपणा केला." आणि त्यांनी नुकतीच उतरवलेली, अजून उन्हाची ऊब असलेली घडी तिच्यासमोर पसरली, चमचा तिच्याच हातात दिला.

तिनं पाणी टाकलं. पाणी कापडाला टेकलं न टेकलं तोच नाहीसं झालं. तिनं आणखी एक चमचा टाकला. तोही गेला. मग ती मोजणीवाली होती म्हणून असेल, तिनं पेलाच आणला आणि चमचे मोजत टाकायला लागली. चौदाव्या चमच्याला घडीच्या खालून मेज ओलं झालं.

"आणि ती आधीची?" तिनं विचारलं.

"एकसुद्धा नव्हती पीत."

सुनेनं पेला बाजूला ठेवला. "बाबा, माझा एक माणूस आहे, वीस वर्षं झाली त्याला खात्यात. मागं त्यानं एक बांध चार फूट चुकीचा मोजला. मालकानं दाखवून दिलं तरी कबूल होईना, शेवटी फीतच खोटी आहे म्हणाला." तिनं कागद उचलला आणि दुमडून पिशवीत टाकला. फाडला नाही. "उद्याचा दिवस जाऊ दे. मग बघू हा कागद."

गुरुवारी सकाळी मुकादम आठ लंगोट घेऊन पाळणाघरात गेले. पिशवी देण्याआधी त्यांनी ताईला आणि मावशीला दोघींना समोर उभं केलं आणि तीच कबुली तिसऱ्यांदा दिली. ह्या खेपेला ती जरा सोपी गेली. मग चमचा मागितला.

मावशीनं पाणी आत जाताना बघितलं. "छत्री मोडली म्हणायची."

"मोडली. तुमच्यामुळं कळलं."

"दुपारपर्यंत बघू," ताई म्हणाली.

मुकादम घरी गेले नाहीत. खाली सायकलच्या दुकानासमोर बाक होता, तिथं बसले. वर पोरं रडत होती की हसत होती, त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते नुसते गॅलरीकडे मान वर करून बघत होते. दहा वाजले, गॅलरी रिकामी. अकराला मावशी आली. ते बाकावरून अर्धे उठले. पण तिनं फक्त एक बाहुली झटकली आणि आत गेली. दुकानदारानं काहीतरी विचारलं, मुकादमांनी न ऐकताच मान हलवली.

बाराला मावशी पुन्हा गॅलरीत आली. हाक मारून उपयोग नाही हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं. तिनं हातातली छोटी गादी कठड्यावर आडवी धरली आणि तळहातानं तिच्यावर थापट्या मारल्या, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तोच तळहात त्यांच्याकडे करून दाखवला. कोरडा होता.

मुकादम उभे राहिले. त्यांनी सदरा खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, आणि वर्दीतल्या माणसानं चढावा तसा जिना चढून ओली पिशवी घ्यायला वर गेले.

शुक्रवारी लाली उतरली. शनिवारी ताईनं वेगळं काही ठरवलं नाही, तिनं फक्त विचारलं, "सोमवारी किती वाजता आणता?" त्यानंतर महिन्याभरात दोन आयांनी मुकादमांना जिन्यात गाठलं. त्यांच्याही मुलांना डायपर बाधत होते, तुम्ही आमचेही धुऊन द्याल का, असं त्यांचं म्हणणं. मुकादमांनी साफ नाही म्हटलं. "शिकवीन. रविवारी सकाळी गच्चीवर या, नवऱ्यांना घेऊन या." आणि दोन्ही नवरे आले, न्हाणीघरात बसून उलट्या बाजूनं पाणी मारायला शिकले. सुरुवातीलाच मुकादमांनी त्यांना सांगितलं, लंगोट ही चादर नव्हे, टॉवेल आहे. आणि हे मला कसं कळलं तेही ऐकून घ्या. सिस्टरची गोष्ट ते अजूनही सांगतात, पण आता ती तिथं संपत नाही. पुढं त्या पाण्याच्या थेंबाचं येतं, आणि बायको चहा टाकायला उठत नाही, ऐकत बसते.

सुनेच्या तुकडीनं पुढच्या हंगामात नदीकाठची सगळी जमीन मोजली. एका संध्याकाळी ती घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, उन्हानं रापलेली, खुशीत. गाठोडं तिच्याकडे रांगत सुटलं. मुकादम दोरीवरून उतरवलेल्या घड्या मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "ही पॅंट बघा. हा चिखल कसा निघेल?"

मुकादमांनी मान वर करून पॅंटकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "वाळू दे. मग झटक. मग गार पाणी."

"तुम्ही द्याल धुऊन?"

"तुझी तू धू," मुकादम म्हणाले, आणि पुढची घडी हातात घेतली. "माझ्याकडं एकच खातं आहे."